मे महिन्यातली चढाई आणि तापलेलं इंजिन

जुहूच्या हँगरमध्ये छोट्या विमानांच्या इंजिनांवर मी पंचवीस वर्षं काम केलं. एप्रिल-मे आला की शिकाऊ वैमानिक मुलं उतरून सांगायची, "सर, चढताना टेम्परेचर फार जातंय." मग काय केलंस, विचारलं की उत्तर ठरलेलं: थ्रॉटल, म्हणजे ताकदीचा दांडा, मागे ओढला.

आधी नाक खाली करा. ही इंजिनं वाऱ्यावर थंड होतात. काउलिंगच्या, म्हणजे इंजिनावरच्या आवरणाच्या, पुढच्या तोंडातून शिरलेली हवा सिलिंडरवरच्या पातळ पात्यांमधून (फिन्स) वरून खाली उतरते आणि खालून बाहेर पडते. चढताना ताकद पूर्ण आणि वेग कमी, म्हणजे उष्णता भरपूर आणि वारा तुटपुंजा. सेस्ना १७२ एसचा समुद्रसपाटीला सगळ्यात जलद चढण्याचा वेग ७४ नॉट आहे. अडथळे मागे पडले, पुरेशी उंची हाती आली की ८० ते ८५ धरा. चढाई थोडी मंदावते, मंदावू दे. समोरचंही नीट दिसतं.

मिक्श्चरला, म्हणजे इंधन-हवेचं प्रमाण ठरवणाऱ्या दांड्याला, घाईने हात लावू नका. या विमानात ३००० फुटांखाली चढताना ते पूर्ण रिच, म्हणजे इंधन जास्तीत जास्त. जास्तीचं इंधन सिलिंडरला गार ठेवतं. कार्ब्युरेटरच्या काही इंजिनांत तर थ्रॉटल पूर्ण उघडा असतानाच जास्तीचं इंधन मिळतं. किंचित मागे ओढलात की ते बंद होतं आणि सिलिंडर उलट जास्त तापतात. काउल फ्लॅप (काउलिंगमधून हवा बाहेर सोडणाऱ्या झडपा) असतील तर चढताना उघडे. तरीही काटा चढतच राहिला तर काही मिनिटं सपाट उडा.

आता माझ्या कामाचं. एका विमानाचा एकच सिलिंडर सारखा तापायचा. वैमानिक बदलून पाहिले, काटा बदलला. शेवटी काउलिंग उतरवून मी आतून टॉर्च मारला. बॅफलचं, म्हणजे हवा सिलिंडरकडे वळवणाऱ्या पत्र्यांच्या कडेचं, रबर काउलिंगला घासून तिथे काळी रेघ उमटते. ती रेघ एका ठिकाणी बोटभर तुटली होती. काउलिंग बसवताना रबराची पट्टी मागे दुमडली गेली होती, आणि सिलिंडरला मिळायची हवा तिथून निसटत होती. पट्टी पुढे वळलेलीच हवी. आत दाबली जाणारी हवाच तिला काउलिंगला चिकटवून धरते. उड्डाणापूर्वी काउलिंगच्या तोंडातून दिसेल तेवढं रबर रोज बघा. दुमडलेलं, फाटलेलं दिसलं तर इंजिनिअरला हाक मारा.

रन-अप, म्हणजे उड्डाणाआधीची इंजिनाची चाचणी, वाऱ्याकडे नाक करून घ्या, आणि होल्डिंगला (धावपट्टीआधी थांबायच्या जागी) रांग लागली असेल तर इंजिन उशिरा सुरू करा. जमिनीवर पंख्याखेरीज वारा नाही.

बऱ्याच जुन्या विमानांत सिलिंडरच्या तापमानाचा काटाच नसतो, फक्त तेलाच्या तापमानाचा. तो उशिरा हलतो, म्हणून तो हिरव्या पट्ट्याच्या वरच्या टोकाला जायच्या आतच नाक खाली करा. लायकमिंगच्या बऱ्याच इंजिनांना सिलिंडर हेडची मर्यादा ५०० अंश फॅरनहाइट असते, पण मी मुलांना ४०० च्या आसपासच राहायला सांगायचो. आणि तेल तापत असताना तेलाचा दाबही उतरू लागला, तर चढाई तिथेच सोडा, टॉवरला सांगा आणि वळून परत या.