एसआर२०डीईटी ३०० हॉर्सपॉवरवर नेताना: फ्युएल सिस्टिम

निसान सिल्व्हिया एस१३ मधलं एसआर२०डीईटी इंजिन कंपनीतून २०५ पीएसचं येतं, इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारणारे) मिनिटाला ३७० सीसीचे. टर्बो पेट्रोल इंजिनाला दर हॉर्सपॉवरमागे मिनिटाला ६.३ सीसी पेट्रोल धरलं आणि इंजेक्टर ८५ टक्क्यांपेक्षा जास्त वेळ उघडा ठेवायचा नाही असं ठरवलं, तर या चार इंजेक्टरांतून जेमतेम २०० हॉर्सपॉवरपुरतं पेट्रोल मिळतं. म्हणजे बूस्ट, म्हणजे टर्बोने भरलेल्या हवेचा दाब, वाढवायला जागाच उरलेली नाही.

३०० साठी हिशेब असा: ३०० × ६.३ = मिनिटाला १८९० सीसी. चाराने आणि मग ०.८५ ने भागा, ५५६ येतात. निस्मोचे (निसानचा परफॉर्मन्स विभाग) ५५५ सीसीचे साइड-फीड (बाजूने पेट्रोल घेणारे) इंजेक्टर इथे बसतात, पण काठावर. भारतातल्या ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलला तेवढ्याच ताकदीसाठी सुमारे ८ टक्के जास्त प्रवाह लागतो. तसं इंधन भरणार असाल तर ७४० सीसीच घ्या. विकत घेण्याआधी मल्टीमीटरने रेझिस्टन्स मोजा. १० ते १५ ओहम असेल तर ठीक. २-३ ओहमचे इंजेक्टर रेझिस्टर पॅकशिवाय जोडले तर ईसीयूचे (इंजिनाच्या कॉम्प्युटरचे) इंजेक्टर चालवणारे ड्रायव्हर सर्किट जळतात.

पंपाला १८९० सीसी म्हणजे ताशी ११३ लिटर द्यायचे आहेत, तेही ४ बारवर: रेग्युलेटरचा (पेट्रोलचा दाब राखणाऱ्या भागाचा) मूळ दाब ३ बार, वर १ बार बूस्ट. दाब वाढला की पंपाचा प्रवाह घटतो, म्हणून खोक्यावरचा आकडा न बघता ४ बारचा आलेख बघा. वॉलब्रो २५५ इथे आरामात पुरतो.

टाकी पाव भरलेली असतानाच काम काढा, इंजिन थंड हवं, अग्निशामक हाताशी हवा. पंपाचा फ्यूज काढून इंजिन चालू करा. ते आपोआप बंद पडलं की आणखी दोन-तीनदा स्टार्टर मारा. लाइनमधला दाब गेला. आता बॅटरीची निगेटिव्ह काढा. पंपाचं झाकण डिकीत कार्पेटखाली सापडतं. टाकीतल्या नळीवर एसएई ३०आर१० असा शिक्का हवा. बाहेरची ३०आर९ नळी पेट्रोलात बुडवून ठेवली की बाहेरून फुगते, मऊ पडते आणि एक दिवस ऐन बूस्टमध्ये क्लॅम्पमधून निसटते. जाळी नवीच टाका, फिल्टरही.

जुन्या वायरीवर मोठा पंप चालवणं हा या कामातला सर्वांत नेहमीचा कंजूसपणा. तीस वर्षांच्या बारीक वायरीत एक-दीड व्होल्ट सहज गळतो आणि पंप मंदावतो. बॅटरीपासून ४ चौरस मिमीची वायर ओढा, बॅटरीजवळच २० अँपिअरचा फ्यूज आणि पुढे रिले लावा. मूळ वायर फक्त रिले चालू करायला वापरा. अर्थिंगची वायरही तेवढीच जाड हवी.

इंजेक्टर बसवताना वरची-खालची दोन्ही ओ-रिंग नवी घ्या, स्वच्छ इंजिन ऑइलचं बोट फिरवा आणि सरळ दाबा. वाकडा गेला की रिंग कापली जाते, गळती थेट गरम इंजिनावर. जोडणी झाली की इंजिन न सुरू करता दोन-तीनदा की ऑन करा आणि टॉर्चने प्रत्येक जोड बघा.

मोठ्या पंपाचा सगळा प्रवाह मूळ रेग्युलेटरला परत पाठवता येईलच असं नाही. मग आयडलला दाब ३ बारच्या वर अडकून राहतो. अशा वेळी अ‍ॅडजस्टेबल रेग्युलेटर लावा. व्हॅक्यूम नळी काढून तिचं तोंड बंद करा, आयडलवर ३ बार सेट करा, नळी परत जोडा. ही नळी इनटेक मॅनिफोल्डवरून स्वतंत्र घ्या आणि दोन्ही टोकांना क्लॅम्प लावा. १ बार बूस्टमध्ये ती निघाली तर इंजेक्टरवरचा दाबाचा फरक ३ वरून २ बारवर येतो आणि पेट्रोल १८ टक्क्यांनी घटतं. पिस्टनच्या रिंग लँड (रिंगांमधल्या कडा) तुटायला तेवढं पुष्कळ आहे.

ईसीयूत नवा इंजेक्टर आकार आणि व्होल्टेजनुसार डेड टाइम (इंजेक्टर उघडायला लागणारा उशीर) भरल्याशिवाय गाडी बाहेर काढू नका. मूळ एअरफ्लो मीटरही या ताकदीला कमी पडतो, तो बदला.

ट्यूनिंगला रेलचा (इंजेक्टरांना पेट्रोल देणाऱ्या नळीचा) दाब आणि बूस्ट एकत्र लॉग करा. रेलच्या दाबातून बूस्ट वजा केला की वजाबाकी शेवटच्या आरपीएमपर्यंत ३ बार राहिली पाहिजे, पूर्ण बूस्टवर लॅम्डा (हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा आकडा; वर गेला म्हणजे पेट्रोल कमी) ०.७८ च्या आसपास. वजाबाकी घसरत असेल तर पंपावरचं व्होल्टेज, फिल्टर, मग पंप या क्रमाने बघा. वजाबाकी टिकून लॅम्डा वर चढत असेल तर इंजेक्टरांची क्षमता संपली किंवा मॅप (ईसीयूतला पेट्रोलचा तक्ता) चुकला. आणि यातलं काहीही दिसलं तरी आधी पाय उचला.