नागीण उठली की पहिले ७२ तास

छातीच्या, कमरेच्या किंवा कपाळाच्या एकाच बाजूला दोन-तीन दिवस आग होते. कपड्याचा स्पर्शही सोसत नाही आणि वर काहीच दिसत नाही. मग लालसर चट्टा उमटतो, त्यावर पाण्याने भरलेल्या बारीक फोडांचे झुबके येतात, आणि हा पट्टा शरीराच्या मध्यावर येऊन थांबतो. ही नागीण. फोड येण्याआधीचा ठणका मुतखड्याचा किंवा पित्ताशयाचा वाटतो, म्हणून एकाच बाजूची आग असेल तर ती जागा रोज उजेडात नीट बघा. छातीत दुखत असेल तर मात्र आधी ईसीजी, फोडांची वाट बघत बसायचं नाही. पहिला फोड दिसला तो दिवस आणि वेळ लिहून ठेवा. विषाणूविरोधी औषध सुरू करण्यासाठीचे ७२ तास तिथपासून मोजायचे.

नागिणीची दोन टोकं जुळली की माणूस जातो, हे खोटं आहे. डाव्या आणि उजव्या बाजूचे मज्जातंतू वेगळे असतात, आणि विषाणू बहुतेक वेळा एकाच मज्जातंतूच्या वाटेने बाहेर येतो, म्हणून पट्टा अर्धाच राहतो. नुकसान होतं ते मंत्र आणि लेप यांत गेलेल्या दिवसांचं.

लहानपणी कांजिण्या होऊन गेल्या की त्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी, पाठीच्या कण्यालगतच्या गाठींमध्ये पडून राहतो. वय, मधुमेह, स्टेरॉइड, केमोथेरपी यांनी प्रतिकारशक्ती ढिली पडली की तो उठतो. पण त्याच्याजवळ स्वतःची साधनं फार थोडी. जनुकं चालू करायला त्याला आपल्याच पेशीतलं एचसीएफ-१ हे प्रथिन हाताशी धरावं लागतं. त्वचेपर्यंतचा लांब पल्लाही तो स्वतः चालत नाही: मज्जापेशी आपला माल तंतूच्या टोकाला पोचवायला कायनेसिन नावाची प्रथिनं वापरते, त्यांच्यावरच हा स्वार होतो. त्वचेत आल्यावर शेजारशेजारच्या पेशी एकमेकींत विरघळवून तो आतल्या आत पसरतो. बाहेर न येता पसरणाऱ्याला रक्तातली प्रतिपिंडं पकडणार कशी? औषध पेशीच्या आत पोचावं लागतं.

असायक्लोविर ते काम करतं, आणि त्याची युक्ती बघण्यासारखी आहे. गोळीतलं औषध निष्क्रिय असतं. त्याला पहिला फॉस्फेट जोडतं विषाणूचं थायमिडीन कायनेज हे एन्झाइम, पुढचे दोन जोडतात आपल्याच पेशीतली एन्झाइम. म्हणजे औषध प्रामुख्याने लागण झालेल्या पेशीतच जागं होतं. ते विषाणूच्या नव्या प्रती थांबवतं, सुजलेला मज्जातंतू मात्र दुरुस्त करत नाही. म्हणून घाई. ७२ तास उलटले तरी नवे फोड येत असतील, डोळ्याजवळ नागीण असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी असेल, तर डॉक्टर औषध सुरू करतातच.

मूत्रपिंड ठीक असलेल्या प्रौढाला सहसा दिली जाणारी मात्रा अशी: व्हॅलासायक्लोविर (पोटात गेल्यावर ज्याचं असायक्लोविर होतं ते औषध) १ ग्रॅम, दिवसातून ३ वेळा, ७ दिवस, किंवा असायक्लोविर ८०० मिग्रॅ, दिवसातून ५ वेळा, ७ ते १० दिवस. पाच वेळा म्हणजे सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६ आणि रात्री १०. असायक्लोविर आतड्यातून कमी शोषलं जातं आणि रक्तातून काही तासांत उतरतं, त्यामुळे दुपारची गोळी हमखास विसरणाऱ्याने डॉक्टरांकडून व्हॅलासायक्लोविरच लिहून घ्यावं. ओठावरच्या हर्पिससाठी आणलेली ४०० मिग्रॅची उरलेली स्ट्रिप नागिणीला चालवू नका. कांजिण्यांच्या विषाणूला त्याहून बरीच जास्त मात्रा लागते. असायक्लोविरचं मलम नागिणीला उपयोगाचं नाही, आणि मेडिकलमधून परस्पर आणलेलं स्टेरॉइडमिश्रित मलम तर लावूच नका.

वयस्कर किंवा मधुमेही रुग्णाचं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी, आधी करून घ्या. मूत्रपिंड कमजोर असेल तर मात्रा कमी करावी लागते, नाहीतर औषधाचे स्फटिक मूत्रपिंडात अडकतात किंवा माणूस असंबद्ध बोलू लागतो. दिवसभर पाणी पीत राहावं. ज्यांना पाणी मोजून प्यायला सांगितलंय त्यांनी आधी विचारावं.

फोडांची काळजी घेताना एक गोष्ट लक्षात ठेवा. आपल्या बहुतेक पेशींत मॅनोज-६-फॉस्फेट रिसेप्टर (माल पकडून ठराविक जागी नेणारं प्रथिन) असतो. तो नव्याने तयार झालेल्या विषाणूंना पेशीच्या कचरापेटीकडे वळवतो, तिथे ते मोडतात. त्वचेच्या अगदी वरच्या थरात हा रिसेप्टर उरत नाही, आणि तिथून विषाणू धडधाकट बाहेर पडून फोडातल्या पाण्यात जमतात. म्हणून संसर्ग होतो तो त्या पाण्यातून, आणि सगळ्या फोडांवर खपली धरली की संपतो. फोड फोडू नका. स्वच्छ सुती कापड गार पाण्यात भिजवून, पिळून १०-१५ मिनिटं ठेवा, जागा टिपून कोरडी करा, पेट्रोलियम जेली लावलेल्या गॉजने सैलसर झाका. कापूस थेट लावला तर तंतू चिकटतात आणि काढताना साल निघते. टॉवेल वेगळा ठेवा.

या पाण्याच्या स्पर्शाने दुसऱ्याला नागीण होत नाही; कांजिण्या न झालेल्याला कांजिण्या होतात. खपल्या धरेपर्यंत, म्हणजे साधारण ७ ते १० दिवस, कांजिण्या न झालेल्या गरोदर बाई, तान्ही बाळं आणि केमोथेरपीचे रुग्ण यांच्यापासून दूर राहा.

नाकाच्या शेंड्यावर फोड आला तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा: तो मज्जातंतू डोळ्यालाही जातो. कानात फोड आणि तोंड वाकडं होणं, मान ताठणं, गुंगी, किंवा पट्ट्याबाहेर अंगभर फोड दिसले तर थेट रुग्णालय.

पॅरासिटामॉलने ठणका आवरत नसेल तर डॉक्टर गॅबापेंटिन किंवा प्रीगाबालिन ही मज्जातंतूंच्या दुखण्यावरची औषधं देतात. त्याने चक्कर येते, म्हणून वृद्धांच्या खोलीत रात्री दिवा चालू ठेवा. खपल्या पडून ३ महिने झाले तरी आग होत असेल तर ते वेगळं दुखणं आहे, सोसत न बसता पुन्हा दाखवा.

पन्नाशीनंतर लस घेता येते. शिंग्रिक्स ही लस भारतात २०२३पासून मिळते. तिच्यात जिवंत विषाणू नाही, विषाणूला पेशीकडून पेशीकडे जायला लागणारं जीई हे एकच प्रथिन आहे. २ ते ६ महिन्यांच्या अंतराने २ डोस, दंडात. नागीण होऊन गेलेल्यांनाही चालते, पण फोड पूर्ण बरे झाल्यावर.