प्रोसेसर बदलताना आधी बिल्डची साधने तपासा

देवगडच्या एखाद्या बागायतदाराच्या रायपनिंग चेंबरमधील तापमान नोंदवणारा पायथॉन प्रोग्रॅम लॅपटॉपवर सुरळीत चालतो आणि रास्पबेरी पाय झीरो या छोट्या संगणकावर इन्स्टॉलच होत नाही, तेव्हा दोष बहुधा प्रोग्रॅममध्ये नसतो. लॅपटॉपचा प्रोसेसर सहसा एक्स८६-६४ असतो, मूळ झीरोचा एआरएमव्ही६. पायथॉनची पॅकेजे बसवणारे पिप आधी त्या प्रोसेसरसाठी तयार व्हील (आधीच बिल्ड केलेले पॅकेज) शोधते. ते न मिळाल्यास सोर्सकोड उतरवून तिथेच बिल्ड करू लागते, आणि लॅपटॉपवर कधीच न लागलेला कंपायलर (सोर्सकोडचे प्रोसेसरच्या सूचनांत रूपांतर करणारा प्रोग्रॅम) तेव्हा अचानक लागतो.

म्हणून पॅकेज निवडण्यापूर्वी, ज्या उपकरणावर प्रोग्रॅम चालणार आहे त्याच उपकरणावर पिपला ओन्ली-बायनरी हा पर्याय देऊन पाहावे. व्हील नसलेल्या पॅकेजपाशी ते थांबते. त्या पॅकेजची पायप्रोजेक्ट फाइल (बिल्डला काय लागते ते सांगणारी) उघडावी, पण तिच्यावर विसंबू नये, कारण तिच्यात फक्त पायथॉनची साधने नोंदलेली असतात. कोणता कंपायलर आणि सी लायब्ररींच्या कोणत्या हेडर फाइल लागतात, हे इन्स्टॉलेशनच्या सूचनांतच सापडते. उदाहरणार्थ, सांकेतिकीकरणाच्या क्रिप्टोग्राफी या पॅकेजच्या ३.४ आवृत्तीत, फेब्रुवारी २०२१ मध्ये, बिल्डसाठी रस्ट ही प्रोग्रॅमिंग भाषा आली. रस्टचा नेहमीचा कंपायलर एलएलव्हीएम या कोड तयार करणाऱ्या प्रणालीवर उभा आहे आणि एलएलव्हीएम अल्फा किंवा पीए-रिस्क या जुन्या प्रोसेसरांसाठी कोड तयार करत नाही. त्यामुळे जीसीसी या दुसऱ्या कंपायलरवर निभावणारी ही जुनी यंत्रे एका डिपेंडन्सीपायी (प्रोग्रॅम ज्यावर अवलंबून असतो अशा पॅकेजपायी) मागे पडली.

झीरोची स्थिती इतकी वाईट नाही. रस्ट एआरएमव्ही६ साठी मिळते, परंतु ५१२ एमबी मेमरीत मोठे बिल्ड रखडते (आणि वळवाच्या पहिल्या सरीला वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून). त्यापेक्षा रास्पबेरी पाय ओएसमध्ये आधीच जोडलेले पायव्हील्स (तयार व्हीलचे भांडार) किंवा ॲप्ट या प्रणालीच्या इन्स्टॉलरमधील पॅकेज वापरावे, अथवा लॅपटॉपवर क्रॉस-कंपाइल करावे, म्हणजे झीरोसाठीचे बिल्ड लॅपटॉपवर करावे. येथे एक फसवी जागा आहे: डेबियन या लिनक्स प्रणालीचे आर्मएचएफ (armhf) पॅकेज एआरएमव्ही७ गृहीत धरते, रास्पबेरी पायच्या ३२-बिट प्रणालीतील त्याच नावाचे पॅकेज एआरएमव्ही६ वरही चालते. पहिले झीरोवर टाकल्यास इन्स्टॉल होते, पण चालवताच बेकायदा सूचनेची त्रुटी देऊन बंद पडू शकते.

रस्ट टाळण्यासाठी क्रिप्टोग्राफीची जुनी आवृत्ती पकडून ठेवणे मला पटत नाही, कारण तिला सुरक्षादुरुस्त्या मिळत नाहीत. नोंदी केवळ एचटीटीपीएसने पाठवायच्या असतील, तर पायथॉनचे स्वतःचे एसएसएल मॉड्यूल पुरते. अशा वेळी क्रिप्टोग्राफी हे पॅकेजच यादीतून काढून टाकावे.