पायाला मोठी दुखापत: घरी परतण्यापूर्वीची तयारी

पायाचे हाड मोडून शस्त्रक्रिया झाली की सगळ्यांचे लक्ष पायाकडे असते. घरी आल्यावर मात्र पहिल्या तासातच कळते की खरे अडले आहेत ते हात. दोन्ही हातांत कुबड्या असताना पाण्याचा पेला एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेता येत नाही, आणि वाजणारा फोन उचलायचा तर आधी कुठेतरी टेकून उभे राहावे लागते. म्हणून तयारी करताना, ज्याचे दोन्ही हात गुंतलेले आहेत अशा माणसाचे हे घर आहे, असे समजून प्रत्येक खोलीकडे पाहावे.

रुग्णालयातून निघण्यापूर्वी एका प्रश्नाचे उत्तर डॉक्टरांकडून लेखी घ्यावे: दुखऱ्या पायावर किती वजन टाकायचे? अजिबात पाय टेकवायचा नाही, नुसता जमिनीला लावायचा, थोडा भार द्यायचा की पूर्ण, या चार गोष्टी वेगवेगळ्या आहेत आणि ‘जपून चाला’ एवढ्या सूचनेने त्यांतली कोणती आपल्याला लागू आहे हे समजत नाही. नडगीच्या हाडाला जुळून यायला अनेकदा चार ते सहा महिने लागतात, तेव्हा रजा, कामाची सोय आणि मदतीला येणाऱ्यांच्या पाळ्या त्या हिशेबाने ठरवाव्यात. त्याच बैठकीत कुबड्यांची उंची तपासून घ्यावी: सरळ उभे राहिल्यावर काख आणि कुबडीचे वरचे टोक यांत दोन-तीन बोटांचे अंतर हवे, मूठ मनगटाच्या रेषेत यावी आणि कोपर किंचित वाकलेले असावे. भार तळहातांवर घ्यायचा असतो, काखेवर नाही. काखेत रेलून उभे राहण्याची सवय लागली तर तिथल्या नसा दबून हाताला मुंग्या येतात. कुबडीच्या टोकाचे रबर झिजले की लगेच बदलावे. जिन्याचा सराव मात्र रुग्णालयातच, कोणीतरी जवळ उभे असताना करावा. चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी कुबड्या आणि दुखरा पाय, हा क्रम घाईत हमखास उलटा होतो.

घरात पायपुसणी, सुटे गालिचे आणि जमिनीवरून गेलेल्या वायरी उचलून ठेवाव्यात, आणि अंथरुणापासून स्वच्छतागृहापर्यंतच्या वाटेवर रात्री मंद दिवा असावा. पडण्याचा सर्वाधिक धोका ओल्या फरशीवर असतो, त्यामुळे पैशांची काटकसर करायचीच असेल तर ती न्हाणीघरात करू नये. भिंतीत पक्के बसवलेले आधाराचे दांडे, न घसरणारी चटई, बसून अंघोळ करण्यासाठी मजबूत खुर्ची आणि कमोडवर बसवायचे उंच आसन या चार वस्तू आधीच आणून ठेवाव्यात. टॉवेलच्या दांडीला आधार समजू नये. ती माणसाचे वजन पेलण्यासाठी लावलेली नसते.

वस्तू वाहून नेण्यासाठी पाठीवरची पिशवी किंवा गळ्यातून तिरकी अडकवायची लहान पिशवी, आणि घट्ट झाकणाची बाटली एवढे पुरते. औषधे, चष्मा, फोन व चार्जर झोपल्या जागेवरून हात पोहोचेल असे ठेवावेत.

पाय उंच ठेवण्याबाबत बहुतेकांची चूक होते. खुर्चीसमोरच्या स्टुलावर टेकवलेला पाय हृदयाच्या खालीच राहतो आणि सूज उतरत नाही. आडवे होऊन पोटरीखाली उशा रचाव्यात, टाच अधांतरी राहील असे पाहावे, कारण सतत दाबाने टाचेला जखम होते. नुसत्या गुडघ्याखाली उशी ठेवून तासन्‌तास पडून राहणे सुखाचे वाटते, पण त्याने गुडघा वाकलेल्या स्थितीत आखडतो. घोटा मोकळा असेल आणि डॉक्टरांची मनाई नसेल, तर जागेपणी दर तासाला तो वरखाली हलवावा.

तीव्र वेदनाशामक गोळ्यांनी बद्धकोष्ठता होते, तिचा उपाय औषधांच्या चिठ्ठीतच मागून घ्यावा. धूम्रपानाने हाड जुळायला उशीर लागतो. प्लास्टरच्या आत खाज सुटली तरी पट्टी किंवा सुई घालू नये.

शेवटी एक कागद सर्वांना दिसेल अशा जागी लावावा. गोळी घेऊनही वेदना वाढतच जाणे, पाय दगडासारखा ताठरणे, बोटे बधिर, गार किंवा निळसर पडणे, पोटरीत नव्याने सूज व दुखणे, टाक्यांतून पू येणे किंवा ताप चढणे, यांपैकी काहीही दिसल्यास पुढच्या तपासणीची तारीख येईपर्यंत थांबू नये, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. यांतील पहिल्या तीन लक्षणांत तर काही तासांचा उशीरही पायाला महागात पडतो. अचानक धाप लागली किंवा छातीत दुखू लागले तर पायातील रक्ताची गुठळी फुफ्फुसात गेलेली असू शकते, म्हणून त्या कागदावर रुग्णवाहिकेचा क्रमांक सर्वांत वर आणि मोठ्या अक्षरांत लिहावा.