टर्बाइनच्या खाचेत भेग कधी पडेल, याचा हिशेब

सोलापूर जिल्ह्यात साखर कारखाने उदंड. त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी बगॅसवर (उसाच्या चिपाडावर) वीज करणारी वाफेची टर्बाइनं आता चांगली मुरलीत. ऑफ-सीझनला रोटर (टर्बाइनचा फिरणारा दांडा) उघडला की चीफ इंजिनिअर विचारतात, "मॅडम, अजून किती सीझन काढेल हा?" त्याचं उत्तर मी कसं काढते ते सांगते. आकडे नमुन्याचे आहेत. तुमच्या रोटरचे तुम्ही घाला.

भेग बहुतेक वेळा खाचेच्या तळाशी सुरू होते, ग्लँडजवळच्या (वाफ अडवणाऱ्या सीलजवळच्या) ग्रूव्हमध्ये, म्हणजे खाचेत, नाहीतर ब्लेडच्या मुळाशी. म्हणून फॉर्म्युल्याच्या आधी तळाची त्रिज्या मोजा, आणि ती ड्रॉइंगवरून उचलू नका. रोटर मागे कधी लेथवर चढला असेल तर टर्नरनं कोपरा कसा सोडला हे ड्रॉइंगला काय माहीत! दातांचे डॉक्टर साचा घ्यायला जे सिलिकॉन वापरतात ते आणा आणि ग्रूव्ह पुसून आत दाबा. घट्ट झालं की काढून ब्लेडनं पातळ काप घ्या आणि प्रोफाइल प्रोजेक्टरवर (आकार मोठा करून दाखवणाऱ्या यंत्रावर) धरा. प्रोजेक्टर नसेल तर अक्कलकोट रोड एमआयडीसीत विचारा, एखाद्या वर्कशॉपमध्ये सापडेल.

आता खाचेच्या खोलीला त्रिज्येनं भागा, वर्गमूळ काढा, दुप्पट करून एक मिळवा. इंग्लिसनं 1913 साली मांडलेला हा हिशेब अंदाजाला पुरतो. खोली 4 मिमी, त्रिज्या 4 मिमी असेल तर तळाशी स्ट्रेस (ताण) बाहेरच्या तिप्पट. त्रिज्या 1 मिमी निघाली तर पाचपट.

सुरू-बंदच्या एका फेरीत बाहेरचा स्ट्रेस 200 मेगापास्कलनं हलतो असं धरू. तिपटीनं 600 होतात, पण धातू तळाशी थोडा वाहतो (कायमचा ताणला जातो), म्हणून 600 खरे नव्हेत. इथे न्यूबरचा 1961 चा नियम लावा: 600 चा वर्ग भागिले त्या तापमानाचा यंग मॉड्युलस (धातूचा ताठपणा; 1,70,000 मेगापास्कल धरा) म्हणजे 2.12; तळाचा स्ट्रेस गुणिले स्ट्रेन (लांबीतला सापेक्ष बदल) तेवढाच यायला हवा. पोलादाच्या सायक्लिक (वारंवार ताणल्यावरच्या स्ट्रेस-स्ट्रेनच्या) आलेखावर हा गुणाकार जिथे जुळतो ते उत्तर. समजा 550 वर जुळलं, तर स्ट्रेन 0.385 टक्के, त्यातला प्लास्टिक (परत न येणारा) भाग जेमतेम 0.06 टक्के. पाचपटीच्या खाचेला 650 वर जुळलं तर प्लास्टिक भाग 0.52. म्हणजे साडेआठपट. प्लास्टिक स्ट्रेनवरून फेऱ्यांचं आयुष्य देणाऱ्या कॉफिन-मॅन्सन सूत्राचा घातांक साधारण 0.5 ते 0.7 असतो, त्यामुळे फेऱ्यांचं आयुष्य किमान वीसपट घटतं. सगळा फरक तीन मिलिमीटरच्या त्रिज्येचा! न्यूबर स्ट्रेन जरा जास्तच दाखवतो, पण रोटरच्या बाबतीत मला तेच बरं वाटतं.

पुढे फेऱ्या मोजा. ऑफिसातल्या रिपोर्टवर जाऊ नका, कंट्रोल रूमचं लॉगबुक मागा. नोव्हेंबरच्या पावसात बगॅस ओला झाला, ऊसदराच्या आंदोलनात गाड्या अडल्या, मिल तुंबली, की टर्बाइन थांबतं, आणि मॅनेजमेंटच्या कागदात त्यातलं निम्मं उतरत नाही. कोल्ड स्टार्ट (थंड रोटरवरून सुरुवात) आणि हॉट स्टार्ट (तापलेल्या रोटरवरून) वेगळे लिहा. तापलेल्या रोटरवर थंड वाफ आली की तळाला थेट ओढ बसते; अशा फेऱ्यांचा स्ट्रेस निराळा काढावा लागतो. प्रत्येक प्रकारच्या फेऱ्या भागिले त्या प्रकारचं आयुष्य, आणि सगळ्यांची बेरीज. बेरीज एक झाली की आयुष्य संपलं, हा माइनरचा 1945 चा नियम. आयुष्याचा आलेख कोडमधला असेल तर त्यात फेऱ्यांवर 20 चा भाग आधीच दिलेला असू शकतो. पुन्हा भागू नका.

नुसत्या फेऱ्यांवर भागत नाही, कारण क्रीप (उष्णतेत सततच्या ताणानं धातूचं हळूहळू सरकणं) आहे. स्टार्टअपला पृष्ठभाग आधी तापतो, आतला धातू थंड, म्हणून तळ दाबला जाऊन वाहतो. रोटर सारखा तापल्यावर तोच तळ ओढला जातो आणि मशीन चालू असेपर्यंत त्या ओढीत बसतो. त्या तासांचा हिशेब लार्सन-मिलरनं करा: केल्विनमधलं तापमान गुणिले (20 अधिक तासांचा दहाच्या पायाचा लॉगॅरिदम) हा आकडा त्याच स्ट्रेसला तोच राहतो, त्यावरून टिकण्याचे तास काढा; चाललेले तास भागिले ते तास ही क्रीपची बेरीज. 540 अंश सेल्सिअसला 1 लाख तास टिकणारं पोलाद 550 ला सुमारे 50 हजार टिकतं. मीटर 10 अंश कमी दाखवत असेल तर अर्धं आयुष्य कागदावरच राहिलं. थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) आधी कॅलिब्रेट करून घ्या.

फटीग (फेऱ्यांमुळे येणारा थकवा) आणि क्रीप या दोन्ही बेरजा मिळून एक होईपर्यंत निर्धास्त राहू नका. सव्वादोन टक्के क्रोमियम असलेल्या क्रोम-मोली पोलादासाठी एएसएमई (अमेरिकी मेकॅनिकल इंजिनिअर्सची संस्था) कोडची मर्यादारेषा फटीग 0.1 आणि क्रीप 0.1 या बिंदूवर वळते, म्हणजे दोघं एकत्र आले की फार लवकर नडतात. आपलं रोटर-पोलाद त्याच्या जवळच्या जातीचं, म्हणून मी तिथेच हात आखडता घेते आणि पुढच्या ऑफ-सीझनला ग्रूव्हची मॅग्नेटिक पार्टिकल तपासणी (चुंबकत्व आणि लोहकणांनी चीर शोधणं) लिहून देते.

तपासणीत केसाएवढी चीर दिसली तर तळाची एक मिलिमीटर कातडी काढून त्रिज्या वाढवून घ्या. खोली 5, त्रिज्या 5 केली तर पट तीनच राहते. चीर पुरती गेली का ते पुन्हा तपासा, नवा साचा घ्या. फेऱ्यांचा हिशेब त्या तारखेपासून नव्यानं; क्रीपचे तास मात्र जुनेच पुढे चालवा, कारण आतला धातू तोच आहे.