टांझानियाच्या बालविभागात काम करायला जाण्याआधी

मी बालरोगतज्ज्ञ आहे, गडचिरोली जिल्ह्यात काम करते. मध्यंतरी सहा महिने टांझानियात, व्हिक्टोरिया सरोवराजवळ म्वान्झा भागातल्या एका मिशन हॉस्पिटलात विनावेतन काम करून आले. तेव्हापासून ज्युनिअर डॉक्टरांचे, नर्स मुलींचे फोन येतात, "मॅडम, आम्हालाही जायचंय, काय काय लागतं?" फोनवर सांगते तेच इथे लिहून ठेवते.

सगळ्यात आधी तिथल्या हॉस्पिटललाच विचारा, तुम्हाला कोण हवंय आणि कशासाठी. "कुणीही या, कधीही या, एवढे पैसे भरा" असं उत्तर आलं तर तो नाद सोडा. मला आलेल्या पत्रात स्पष्ट होतं: जन्मल्यावर न रडणाऱ्या बाळाला श्वास द्यायचा सराव नर्सेसकडून करून घेणारं कुणीतरी हवं, किमान तीन महिने. जाण्याआधी मी वाचून घेतलं. टांझानियातल्याच हायडोम हॉस्पिटलात दिसलं होतं की एका दिवसाच्या प्रशिक्षणाने प्रत्यक्ष कामात फरक पडत नाही. थोडा थोडा सराव वॉर्डातच वारंवार ठेवला तेव्हा पहिल्या २४ तासांतले मृत्यू घटले. म्हणून मी भाषणं तयार केली नाहीत. सरावाची बाहुली आणि अंबू बॅग (तोंडावर धरून श्वास द्यायची पिशवी) प्रसूतिकक्षाच्या दाराशीच ठेवली, ड्युटी बदलताना पाच मिनिटं सराव. महिन्याभरात तिथली एक सिस्टरच तो घेऊ लागली, मी बाजूला झाले.

विद्यार्थी असाल तर एक गोष्ट पक्की धरा. इथे जे एकट्याने करायची परवानगी नाही, ते तिथेही करायचं नाही. प्रसूती नाही, टाके नाहीत, कुणी आग्रह केला तरी नाही. तिथलं लेकरू आपल्या सरावासाठी नाही.

कागदपत्रांना चार-पाच महिने हाताशी ठेवा. टुरिस्ट व्हिसावर रुग्ण तपासता येत नाहीत. स्वयंसेवकाला 'क्लास सी' निवास परवाना लागतो आणि डॉक्टरला मेडिकल कौन्सिल ऑफ टांगानिका या तिथल्या वैद्यकीय परिषदेची तात्पुरती नोंदणी. नर्सेसचं कौन्सिल वेगळं आहे. आपल्याकडून महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचं गुड स्टँडिंग सर्टिफिकेट (नोंदणी चालू आहे, कारवाई नाही असा दाखला) आणि पोलिस क्लिअरन्स काढून ठेवा. माझी नोंदणी यायला उशीर झाला. तेवढे दिवस मी राउंडला नुसती मागे उभी राहिले, एकही औषध लिहिलं नाही.

लसींचं मात्र कागदांच्याही आधी बघा. हिपॅटायटिस बीचे तीन डोस सहा महिन्यांत पूर्ण होतात, त्यानंतर रक्तातल्या संरक्षक अँटीबॉडी १० च्या (mIU/ml) वर आहेत का ते तपासून घ्या. इथिओपिया किंवा केनियामार्गे विमान असेल तर यलो फीव्हरची लस सरकारमान्य केंद्रातच घ्या. तिचं प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं. ते नसेल तर परतताना भारतातच सहा दिवस विलगीकरणात ठेवू शकतात. सुई टोचली तर काय करायचं हेही पोहोचल्याच्या पहिल्याच दिवशी विचारा: एचआयव्ही प्रतिबंधक गोळ्या कुठल्या कपाटात आहेत, रात्री किल्ली कुणाकडे असते. त्या ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्याव्या लागतात. जितक्या लवकर सुरू होतील तितकं बरं.

आता भाषा. स्वाहिली थोडी तरी शिकून जा. औषधाला तिथे आपल्या 'दवा'सारखंच 'दावा' म्हणतात. वडीलधाऱ्यांना 'शिकामो' हा आदराचा नमस्कार म्हटल्याशिवाय तपासणी सुरू करू नका; ते 'मराहाबा' म्हणाले की मग विचारा. त्रासात असलेल्या माणसाला धीर द्यायला 'पोले' म्हणतात, तो शब्द मी दिवसातून शंभरदा वापरला. तिथल्या सुकुमा समाजातल्या आज्यांना कधी कधी स्वाहिलीही येत नाही, तेव्हा सिस्टरला सोबत घ्या.

आणि घड्याळ! हे मला कुणी सांगितलं नव्हतं. स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे 'सा मोजा', पहिला तास. आपल्या जुन्या घटकांसारखंच. मलेरिया झालेल्या एका लेकराला दुपारी बारा वाजता आर्टेमेथर-ल्युमेफँट्रिन या मलेरियाच्या औषधाची पहिली गोळी दिली. दुसरी आठ तासांनी द्यायची असते. मी आईला सांगितलं, 'सा नाने उसिकू', माझ्या मते रात्रीचे आठ. तिच्यासाठी ते रात्रीचे दोन. ती माउली दोन वाजेपर्यंत जागी राहिली आणि झोपलेल्या पोराला उठवून तिने गोळी दिली. लेकरू बरं झालं, पण सहा तासांचा तो उशीर माझा होता. त्यानंतर मी तोंडी वेळ सांगणं बंद केलं. पाकिटावर सूर्य आणि चंद्र काढायचे, कोणत्या जेवणासोबत ते विचारून घ्यायचं, आणि तिच्याकडून पुन्हा म्हणवून घ्यायचं.

विदर्भातल्या डॉक्टरांसाठी एक सांगणं आहे. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आपल्याला माहीत आहे असं समजून जाऊ नका. आपल्याकडच्या अनेक रुग्णांत गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन जास्त टिकून राहतं, त्यामुळे आजार बऱ्याचदा सौम्य असतो. तिथली मुलं लहान वयातच जंतुसंसर्गाने, पक्षाघाताने, अंगातलं रक्त एकाएकी कमी झाल्याने गंभीर होतात. मी पहिल्याच आठवड्यात एका मुलीला 'उद्या बघू' म्हटलं होतं. तिथल्या क्लिनिकल ऑफिसरने माझं ऐकलं नाही, त्याच संध्याकाळी रक्त चढवलं. त्याचंच बरोबर होतं. या क्लिनिकल ऑफिसर लोकांकडे एमबीबीएस नसते, पण तिथले बरेचसे रुग्ण तेच सांभाळतात. त्यांच्याकडून शिका, आणि टांझानियाची उपचारपद्धतीची पुस्तिका विमानात बसण्याआधी वाचा.

सोबत औषधांची खोकी नेऊ नका. मुदत संपत आलेली औषधं म्हणजे त्यांच्या डोक्याला ताप. लहान मुलांच्या प्रोबसह पल्स ऑक्सिमीटर, सेल, डोक्याला लावायची बॅटरी, कुपोषण बघायला मुलांचा दंड मोजायची पट्टी, तीन चौकोनी पिनांचा ब्रिटिश पद्धतीचा अॅडॉप्टर, एवढं पुरे. उकाडा कितीही असला तरी सरोवरात पाय बुडवू नका, बिलहार्झिया हा पाण्यातल्या कृमींचा आजार होतो. लेकरांचे फोटो काढू नका.

मच्छरदाणी आणि मलेरिया टाळणारी डॉक्सिसायक्लिन रोज. ती गोळी घरी आल्यावरही चार आठवडे चालू ठेवायची असते, आणि बरेच जण परतल्याबरोबर थांबवतात. परतल्यावर वर्षभरात कधीही ताप आला तर डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा की मी टांझानियाला जाऊन आलेय, आणि मलेरियाची तपासणी त्याच दिवशी करून घ्या.