आउटबॅकमध्ये कॅटल स्टेशनवर मुलांसह तीन दिवस: तयारी कशी करावी

मेलबर्न, सिडनी किंवा ॲडलेडहून मुलांना घेऊन आउटबॅकला, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या, विरळ वस्तीच्या भागात जायचं असेल, तर जूनचा लाँग वीकेंड धरा. दुसऱ्या सोमवारी बहुतेक राज्यांत सुट्टी असते. मध्य ऑस्ट्रेलियात तेव्हा दुपारी वीस अंशांच्या आसपास छान ऊन असतं, पहाटे मात्र पारा शून्याखालीही जातो. डिसेंबर-जानेवारीत तिथे चाळिशीपलीकडे तापतं. त्या दिवसांत लहान मुलांना नेऊच नका.

स्टेशन म्हणजे गुरांचं रान. पहिल्या खेपेला डांबरी रस्त्यावरचं स्टेशन निवडा. ॲलिस स्प्रिंग्जहून उलुरू या प्रसिद्ध लाल खडकाच्या वाटेवर सुमारे ३६० किमीवरचं कर्टिन स्प्रिंग्ज हे त्यातलं एक. हे रान दहा लाख एकरांहून मोठं आहे, म्हणजे अख्ख्या गोव्यापेक्षा जास्त. सपाट माथ्याचा डोंगर दिसला की मुलं ‘उलुरू!’ म्हणून ओरडतील. तो माउंट कॉनर, आणि तो याच स्टेशनच्या हद्दीत आहे.

बुकिंग करतानाच विचारून घ्या: वीज रात्रभर असते का? प्यायचं पाणी पावसाच्या टाकीचं की बोअरचं? चूल पेटवता येते का? जेवण मिळणार असेल, तर त्यात बहुधा बीफ असतं, हे गृहीत धरा. तिथे नुसतं ‘शाकाहारी’ म्हणून भागत नाही. अंडं चालतं की नाही, मांसाच्या रश्शातल्या भाज्या चालतात की नाही, हे आठवडाभर आधी लिहून कळवा. त्यांचं दुकान शेकडो किलोमीटरवर असतं. ऐन वेळी सांगितलंत तर ब्रेड-बटाट्यावर भागवावं लागेल.

घरातलं कुणी नुकतंच भारतातून आलं असेल, तर त्यांच्यासाठी एक कडक नियम पाळा. ऑस्ट्रेलियात लाळ्या-खुरकूत नाही, आपल्याकडे आहे. गावी गोठ्यात जाऊन आलेल्या माणसानं किमान आठवडाभर गुरांजवळ जायचं नाही. गावाकडे घातलेले बूट विमानतळावर दाखवून साफ करून घ्यायचे आणि स्टेशनवर आणायचेच नाहीत. हा रोग तिथे शिरला तर सगळा कळप मारावा लागतो.

गाडी आणि पाणी

भाड्याच्या गाडीचा विमा वाचा. कच्चा रस्ता आणि गावाबाहेर रात्री गाडी चालवणं बहुतेक वेळा त्यात बसत नाही. रात्री चालवूही नका: तिथे कुंपणं कमी, आणि काळी गाय अंधारात दिव्यांच्या टप्प्यात येते तेव्हा ब्रेक मारायला वेळ उरलेला नसतो. जूनमध्ये सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. म्हणून ॲलिसहून सकाळी दहापर्यंत निघा, एर्लडुंडाला (२०० किमी) इंधनाची टाकी पूर्ण भरा आणि चारच्या आत पोहोचा.

निघण्याआधी स्टेपनी एकदा खाली उतरवून बघा. लाल मातीत जॅक रुततो, म्हणून एक फूट लांब-रुंद जाड फळी सोबत ठेवा. पुढे कच्च्या रस्त्याच्या स्टेशनवर गेलात, तर हवा कमी करावी लागते: डांबरावर ३६ पीएसआय असेल तर खडीवर २८ च्या आसपास, वेग ८० च्या आत. हवा कमी ठेवून १०० नं पळवलंत, तर टायरची बाजू सतत दुमडते, तापते आणि फाटते. बरेच टायर खडीनं नाही, असेच जातात.

प्यायला आणि स्वयंपाकाला माणशी रोज पाच लिटर पाणी लागतं. चौघांना तीन दिवसांचे ६० लिटर, वर एका दिवसाचे २० राखीव. हे १० लिटरच्या आठ कॅनमध्ये भरा. एक फुटला तरी बाकीचं वाचतं. खोलीत नळ असला, तरी २० लिटर कायम गाडीत असू द्या. गाडी बंद पडली तर तिला सोडून चालू लागू नका. बॉनेट उघडं ठेवा आणि सावलीत थांबा: विमानातून गाडी दिसते, माणूस दिसत नाही. मोबाइलला रेंज नसते, म्हणून ४०६ मेगाहर्ट्झचा आपत्कालीन बीकन (उपग्रहामार्फत मदतीचा संदेश पाठवणारं यंत्र) भाड्यानं घ्या.

तिथली चूल

इंडक्शन, राइस कुकर, केटल घरीच ठेवा. दोन हजार वॅटची केटल लावली की छोट्या जनरेटरवर सगळ्या खोल्यांची वीज जाऊ शकते. गॅसची शेगडी आणि तीन लिटरचा कुकर पुरे. बोअरचं पाणी जड असेल तर साबणाला फेस येत नाही आणि तूरडाळ कितीही शिट्ट्या केल्या तरी दाणेदार राहते. डाळीला सोबत आणलेलं पाणी वापरा, किंवा सरळ मूगडाळीची खिचडी टाका. भाजणी, मेतकूट, कोरडी लसणाची चटणी आणा. फळं ॲलिसलाच घ्या. फळमाशीमुळे ती दुसऱ्या राज्यातून न्यायला निर्बंध आहेत.

गुरं, फाटकं आणि मुलं

फाटक जसं सापडलं तसंच ठेवायचं: उघडं असेल तर उघडं, बंद असेल तर बंद. उघड्या फाटकातून गुरं पाण्याकडे जात असतात. तुम्ही ते भलेपणानं लावलंत, तर पलीकडचा कळप तहानेनं मरेल. तारेचं फाटक लावताना खांबाचं बूड आधी खालच्या कडीत घाला, मग खांद्यानं वरचं टोक रेटा आणि वरची तार अडकवा. ती तार उसळून बोट चिरते, म्हणून हे काम मोठ्यांनीच करावं.

यार्डात गुरं असतील, तर मुलांनी कठड्याबाहेर, कामकऱ्यांनी सांगितलेल्या जागीच थांबावं. आरडाओरडा नको, ड्रोन तर अजिबात नको. गाय आणि वासरू यांच्या मधे कधीही जाऊ नये. राखणीच्या कुत्र्याला विचारल्याशिवाय हात लावू नका. सोळा वर्षांखालच्या मुलांना मोठ्यांच्या क्वाड बाइकवर बसवू नका, कुणी प्रेमानं म्हणालं तरी.

घोट्यापर्यंतचे बूट आणि १० सेंमी रुंदीची दोन इलॅस्टिक बँडेज हवीतच. साप चावला तर जखम धुवू नका. चावल्या जागेवर घट्ट बँडेज, मग बोटांपासून वर अख्खा पाय गुंडाळा, काठी बांधा आणि माणसाला हलू देऊ नका. १९२८ पासून चालणाऱ्या फ्लाइंग डॉक्टर या वैद्यकीय सेवेची विमानं अनेक स्टेशनांच्या धावपट्टीवर उतरतात. त्यांनी ठेवलेल्या औषधपेटीत प्रत्येक औषधाला क्रमांक असतो; डॉक्टर फोनवरून क्रमांक सांगतात, तेवढंच द्यायचं.

परत निघताना कुठून जाणार आणि किती वाजता पोहोचणार, हे मालकांना सांगा. पोहोचल्यावर निरोप द्यायला विसरू नका. तो आला नाही, तर ते काम टाकून तुम्हाला शोधायला निघतात.